चाकाखालचा ठोकळा

राळेगावकडच्या नाल्याच्या चढावरून रिकामी मोटार मागं घसरली, ती घटना अजून डोळ्यांपुढून जात नाही. साठ सालाच्या आगंमागंची गोष्ट. मी तेव्हा जमादार होतो. शाळा तिसरीपर्यंतच झाली, पण माझ्याइतका नेटका पंचनामा ठाण्यात कोणी करत नव्हतं, हे आजही छाती ठोकून सांगतो.

इंजिन तापलं म्हणून ड्रायव्हरनं चढावर प्रवासी उतरवले आणि तो नाल्यावर पाणी आणायला गेला. तेवढ्यात मोटार मागं येऊन नाल्यात कलंडली. मागं उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याचा पाय मोडला. चाकाखाली लाकडी ठोकळा लावला होता, असं ड्रायव्हर म्हणे. मी जागा पाहिली, ठोकळा कुठंच नव्हता. दिवसभर उलटसुलट विचारलं, त्याचं उत्तर बदललं नाही.

"लावलता साहेब. नोकरी गेली तं पोरं उपाशी मरतीन, पण खोटं कायले बोलू?"

मी त्याला कोठडीत टाकलं.

तिसऱ्या दिवशी नाल्याजवळच्या गावची एक म्हातारी ठाण्यात आली. घरानं बौद्ध दीक्षा घेतलेली, जुने देव सोडलेले. पण तिच्या चुलीतून देवळासारखा वास येतो, म्हणून शेजारणी टोमणे मारत होत्या.

"म्हणतात, बुढी चोरून मरीआईले धूप घालून राह्यली. दीक्षा घेतली म्या, साहेब. ते लाकूडच वास मारते. समजवा त्याइले."

असल्या तक्रारीला कलम नाही. तिला वाटेला लावणार होतो, तरी सहज विचारलं, लाकूड कुठलं? म्हणाली, मोटार घसरली तिथं ढलप्या पडल्या होत्या, पोलीस यायच्या आधीच ओच्यात भरून आणल्या.

मी तसाच उठलो. दोन पंच घेऊन तिच्या घरी गेलो. उरलेल्या एका ढलपीला ठोकळ्याची लोखंडी कडी तशीच होती. गावच्या सुतारानं नख रोवलं आणि म्हणाला, ही सलई, भुसभुशीत, भारानं फुटते; हिच्याच डिंकाचा धूप होतो. मोटारींच्या डेपोच्या कागदावर मात्र बाभळीचे ठोकळे होते.

डेपोला ठोकळे पुरवणाऱ्या ठेकेदाराला बोलावलं. तो बाभूळच म्हणत राहिला. मी एक ढलपी ठाण्याच्या चहाच्या चुलीत सारली. धुपाचा वास दरवळला. शिपाई म्हणाला, "जमादारसाहेब, आरतीले उभं राहू का?" ठेकेदाराची मान खाली गेली. सलई स्वस्त पडते, जुनं तेल फासलं की बाभळीसारखी दिसते, डेपोत कोणी फोडून पाहत नाही, असा जबाब त्यानं दिला.

कोठडीचं कुलूप मी स्वतः उघडलं. माफी मागितली नाही, तो माझा स्वभाव नाही. ड्रायव्हरला चहा पाजला. त्यानं कप दोन्ही हातांनी धरला, तेव्हा माझ्याच छातीवरचा धोंडा उतरला.

नवा माल गावच्या पंचांसमोर घ्यावा, असा हट्ट मी डेपोत धरला. म्हातारीलाही बोलावलं. तिनं एक ठोकळा फोडायला लावला, शेजारणींसमोर जाळला, धूर हुंगला.

"बाभूळ हाय," ती म्हणाली. "आता बसते मोटारीत."

तेव्हापासून ठाण्याची पायरी चढलेल्या माणसाला मी आधी पूर्ण बोलू दिलं. कलम मागून पाहिलं.