हेडला लॉस नसतो

वाहत्या पाण्यावर एवढा विश्वास आणि माणसांच्या अंदाजावर एवढा अविश्वास असलेला दुसरा गृहस्थ मला उभ्या बारामती तालुक्यात भेटला नाही. ते आमच्या मागच्या गल्लीत एकटेच राहत आणि इंजिनीअरिंग कॉलेजात फ्लुइड मेकॅनिक्स शिकवत. आकडे तपासून घ्यायची सवय मलाही आहे, पण त्यांच्यापुढे मी अगदीच ढिला. आमच्या नळाला पाणी सावकाश येतं, असं एकदा बोलून गेलो, तर त्यांनी खिशातून स्टॉपवॉच काढून पंधरा लिटरची बादली भरली. "चौऱ्याण्णव सेकंद. सावकाश म्हणू नका, आकडा सांगा." चहा बशीत ओततानाही धार कुठे गुळगुळीत राहते नि कुठे तुटते, हे ते न्याहाळत बसत; तोवर चहा निवे आणि हिला तो पुन्हा गरम करावा लागे.

माझी थोरली या एकाच विषयात दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा राहिली तर वर्ष बुडणार होतं. म्हणून ते रोज संध्याकाळी तिला शिकवायला येऊ लागले. तिचा सगळा घोटाळा एका शब्दाचा होता. त्यांच्या पुस्तकात 'हेड' म्हणजे पाण्याच्या अंगची ताकद. ती वाटेत घटते, तो हेड लॉस. पोरगी वाढली इंदापूरकडे, आजोळी, कालव्याच्या शेवटाला. तिथे 'हेड' म्हणजे कालव्याच्या सुरुवातीचे, आधी पोटभर पाणी घेणारे बागायतदार, आणि 'टेल' म्हणजे शेवटाला उरल्यासुरल्या पाण्यावर भागवणारे. तिने पेपरात लिहिलं होतं, 'हेडला लॉस नसतो. लॉस टेललाच होतो.'

सर तिला घेऊन थेट माझ्या सासऱ्यांच्या शेतावर, कालव्याचं पाणी आणणाऱ्या चारीवर गेले. मीही होतो.

"तात्या, नातीचं उत्तर चूक आहे."

"चूक कसं? हेडवाल्यांचा लॉस झालेला तुमी कधी बघितलाय का?"

सरांनी बराच विचार केला. "नाही."

"मग द्या की मार्क."

"तसं नाही तात्या. पाणी मातीला, गवताला घासत येतं. त्यात त्याची ताकद जाते, तो लॉस."

"म्हंजी हितं येस्तोवर पाणी दमतं."

सर पोरीकडे वळले. "हे डोक्यात ठेव. पेपरात माझे शब्द लिही."

तिला त्रेचाळीस मार्क पडले; पास व्हायला चाळीस लागत. वर्ष वाचलं. सर पेढा खाऊन गेले आणि दुसऱ्या संध्याकाळी आले नाहीत, तिसऱ्याही नाहीत. सात वाजले की ही दाराकडे बघे. धाकटीने कॉमर्स घेतलं होतं. त्यांना बोलवायला आमच्याकडे काही कारणच उरलं नव्हतं.