दाराच्या फटीतलं घर

विलायतेत मी दहा दिवस राहिलो आणि दहाही सकाळी जिना झाडला. लकडगंजात हे सांगितलं की लोक म्हणतात, "फेकू नको बे." मी फेकतो, कबूल आहे. अंबाझरीत एकदा वीतभर मासा गळाला लागला होता, तो सांगता सांगता मी इतका वाढवला की शेवटी तलाव कमी पडायला लागला. पण जिन्याचं खरं आहे. बावीस पायऱ्या होत्या आणि तिसरी कुरकुरायची. खोटं बोलणाऱ्याला पायरीची कुरकुर सुचत नाही. मला सुचली असती, ती गोष्ट वेगळी.

सत्तरच्या पुढचीच कुठली तरी सालं. मी लकडगंजात एका आरागिरणीत मिस्त्री होतो. शेठनं विलायतेहून पट्ट्याचा आरा मागवला होता. तो बनवणाऱ्यांचं म्हणणं, एक माणूस पाठवा, पातं चढवायचं कसं, ताणायचं कसं, धार कशी लावायची हे तीन दिवसांत शिकवून परत पाठवतो. शेठनं मला निवडलं, कारण गिरणीत दहाही बोटं शाबूत असलेला मी एकटाच होतो. विमान जायचं ठरल्या दिवशी, यायचं त्यानंतर दहा दिवसांनी. राहायचं काय? सरकार तेव्हा परदेशी जाणाऱ्याच्या हातावर तीर्थाएवढं परकीय चलन ठेवायचं. शेठ म्हणाला, "तेरा दोस्त है ना वहाँ? फिर चिंता कायकी?"

दोस्त होता. इतवारीत आमच्या दोन घरांची भिंत एकच. त्यांच्याकडे मिरची कुटली की आमच्याकडे शिंका. तो दहा वर्षांपूर्वी लंडनला गेला आणि मागे त्याची आई उरली, एकटी. तिला आम्ही सगळे काकू म्हणायचो. काकूला वाचता येत नव्हतं. त्याचं निळं विमानपत्र आलं की ती भिंतीवर लाटणं आपटायची, मी जायचो, वाचून दाखवायचो आणि उत्तरही मीच लिहायचो.

आता एक कबुली. त्याची पत्रं चार ओळींची असायची. मी खुशाल आहे. थंडी फार. काम ठीक. तब्येत जप. एवढ्यासाठी का म्हातारी महिना महिना पोस्टमनची वाट पाहते? मग मी वाचताना थोडं वाढवायचो. चार ओळी पाऊण तास पुरवायचो. मी त्याला थंडीत काकूची गोधडी आठवायला लावली. भरलेल्या वांग्याचं स्वप्न पाडलं. एकदा तर ताप आणला, पण काकू रडायला लागली तसा पुढच्याच ओळीत उतरवला. सगळं घातलं, फक्त घर घातलं नाही. घर हे लाकडाच्या माणसानं पाहिल्याशिवाय सांगू नये, एवढा धर्म मी पाळला.

मी येतोय असं कळवल्यावर त्याचं उत्तर आलं. "माझं घर ते तुझं घर. दुसरीकडे उतरशील तर तंगडी तोडीन." या ओळीत माझं एक अक्षर नाही, आईची शपथ.

काकूनं मग डबा बांधायला घेतला. भिवापुरी मिरचीचं तिखट, जवसाची चटणी, मुंगवड्या. वर तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घट्ट शिवलेला. डबा माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "हे बघ बाबू, त्याच्या घरी दोन घास खाय. आन् घर पाहून ये. खोल्या किती हायेत, देव कुठं मांडले, उजेड येते का नाही, सारं मले सांग. दहा साल झाले, माह्या पोराचं घर मले डोळ्यापुढं आणताच येत नाही गा. रात्री त्याले झोपवू कुठं मनात?"

मी म्हटलं, "काकू, खिळे मोजून आणतो."

लंडनच्या विमानतळावर तो मला घ्यायला आला होता. लांब काळा कोट, हातात छत्री, बोलणंही धुऊन इस्त्री केल्यासारखं. मी मिठी मारली तर त्यानं ती मध्येच सोडवून घेतली. बसमध्ये बसल्यावर म्हणाला, "घरी रंगकाम चाललंय रे. फार वास आहे. दोन दिवस एका होस्टेलात काढ, मग मी स्वतः न्यायला येतो."

"अबे, मी भुशात जन्म काढला. रंगाचा वास मले काय करते? कोपऱ्यात पडून राहीन."

"नाही नाही. तू पाहुणा. तुझी नीट सोय केलीय."

डबा पुढे केला तर म्हणाला, "घरी येशील तेव्हा घेऊन ये." मला तेव्हा ते गोड वाटलं. घरी जायचं नक्की आहे, असंच ऐकलं मी.

नीट सोय म्हणजे एकावर एक लोखंडी पलंग, एका खोलीत चोवीस. मला वरचा मिळाला. तो इतका अरुंद, की कूस बदलायची तर आधी खाली उतरून पुन्हा चढावं लागे. खालचा गोरा असा घोरायचा की आमच्या आऱ्यावर सागाचा ओंडका चढवलाय आणि पातं बोथट आहे. चहात दूध नव्हतं, दुधाची अफवा होती. आणि सकाळी दहाला सगळ्यांना बाहेर काढून दाराला कुलूप. उघडायचं पाचला. पाऊस असो, बर्फ असो, राज्याभिषेक असो.

व्यवस्था पाहणारी बाई उंच होती, आमच्या गिरणीच्या धुराड्याएवढी. पहिल्या सकाळी तिनं माझ्या हातात लांब दांड्याचा झाडू दिला. मी मिस्त्री माणूस. वाटलं, दांडा सैल झालाय, पाहुण्याचा हात ओळखला हिनं. मी पाचर मारून दांडा पक्का केला आणि ऐटीत परत दिला. ती "थँक्यू" म्हणाली, झाडू पुन्हा माझ्याच हातात ठेवला आणि जिन्याकडे बोट केलं. तिथला रिवाजच तसा होता. प्रत्येक उतारूनं रोज एक काम करायचं. कुणी बटाटे सोलायचे, कुणी भांडी घासायची. मी घरी कधी ताट उचललं नव्हतं. बायकोला हे आजतागायत सांगितलेलं नाही. आता ती वाचेल.

डब्याचंही तेच. खाण्याची वस्तू खोलीत चालत नाही म्हणून बाईनं तो उचलला, हुंगला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं तो मागे सायकलींच्या छपराखाली नेऊन ठेवला. तिथे त्याला स्वतंत्र फळी मिळाली. सबंध इंग्लंडात एकट्याला जागा मिळालेला आमच्यातला तो एकटाच.

तीन दिवस शिकण्यात गेले. दोस्त आला नाही. होस्टेलच्या फोनवर निरोप आला, उद्या. मग परवा. मग "पहिला हात वाळला नाही, हवा दमट आहे". मी ते मानलं. इतकंच नाही, दोन दिवस त्याच्या बाजूनं मनातल्या मनात भांडलो. दहा वर्षं ज्याचा चांगुलपणा मी स्वतः पाऊण-पाऊण तास वाचून दाखवला, त्याच्यावर शंका घ्यायची म्हणजे माझ्याच मालात खोट काढायची. दहा ते पाच मी लंडनच्या रस्त्यांवरून दारं, खिडक्या बघत हिंडायचो आणि मनात म्हणायचो, यातलं एखादं त्याचं असेल.

नववा दिवस रविवार. पत्ता मला पाठच होता, पाकिटांवर दहा वर्षं मीच तर लिहीत होतो. छपराखालून डबा घेतला आणि विचारत विचारत गेलो.

दारासमोर उभा राहिलो आणि बेल वाजवायच्या आधीच मला सगळं कळलं. लाकडाच्या माणसाला दार खोटं सांगत नाही. चौकटीला वर्षानुवर्षं ब्रश लागला नव्हता. रंगाचे पोपडे सुटलेले, खालच्या फळीत पाणी मुरून लाकूड काळं पडलेलं. वास येत होता, पण तो कांदेपोह्यांचा.

त्यानंच उघडलं. मला पाहिलं, अर्धवट बाहेर आला आणि दार मागे ओढून धरलं. वीतभर फट राहिली. फटीतून दिसलं ते एवढंच: लाल गालिच्याची कड, छत्र्यांचं मडकं, बारीक फुलांचा कागद लावलेली भिंत, जिन्याच्या कठड्याचं चांगलं ओकचं टोक. आणि आमच्या धरमपेठेतले बडे डॉक्टर, ज्यांच्या दवाखान्यात आम्ही इतवारीवाले बाकावर दोन-दोन तास बसून राहायचो. पायात सपाता, हातात पोह्यांची बशी.

"अरे, तू? आज?" तो हळू आवाजात म्हणाला. "डॉक्टरसाहेब उतरलेत ना आपल्याकडे. आठ दिवस झाले. त्यांना अचानक यावं लागलं. तुला सांगणारच होतो."

"आन् रंग?"

तो माझ्या बुटांकडे पाहत राहिला.

आतून डॉक्टरांचा आवाज आला, "कोण आहे?"

"काही नाही, काही नाही. गावाकडून पार्सल आलंय."

त्यानं हात पुढे केला. मी डबा दिला. पोस्टमनकडून घ्यावा तसा त्यानं तो घेतला. फक्त सही करायची राहिली. आमच्याकडे दारात भांडायला आलेल्यालाही आधी पाणी विचारतात, मग भांडतात. त्यानं पाणी विचारलं नाही. मी फाटकापर्यंत गेलो, तरी मला वाटत होतं की मागून "अबे" ऐकू येईल. दाराचाच आवाज आला. बिजागरीला तेल नव्हतं.

परतीच्या विमानात मी ठरवलं, काकूला खरं सांगायचं. आयुष्यात एकदा तरी. शब्द जुळवले, धार लावली. तुझ्या पोरानं मला दारातून परत पाठवलं, काकू. पाणी नाही विचारलं. यात एक मासाही वाढवायची गरज नव्हती.

मुंबईत आऱ्याचे कागद सोडवायला शेठनं आठ दिवस थांबवलं. मग घरी सामान टाकलं आणि लाटणं वाजायच्या आतच गेलो. काकूनं आधी तांब्या-भांडं समोर ठेवलं. मी पाणी प्यालो, तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "थांब. आधी हे वाच. काल आलं. म्हटलं, तू येशीलच."

निळं पत्र. चार ओळी नव्हत्या, पान भरलेलं होतं. मी वाचायला लागलो. "आई, तुझा डबा मिळाला. त्याला दहाही दिवस घरीच ठेवून घेतलं. जाऊच देत नव्हतो. माझ्या पलंगावर तो झोपला, मी खाली. तुझ्या चटणीवर दोघांनी..."

मी थांबलो. दहा वर्षांत पहिल्यांदा पत्राला माझा मीठमसाला लागत नव्हता. आणि त्या गड्याला पक्कं ठाऊक होतं, हे वाचणार कोण. त्याचं खोटं त्यानं माझ्याच तोंडात भरवलं होतं.

"काहून थांबला गा? अक्षर लागत नाही का?"

तिचा चेहरा पाहिला. लावलेली धार तिथेच गेली.

"लागते," मी म्हटलं, आणि शेवटपर्यंत वाचलं.

मग तिनं विचारलं, "आता सांग. घर कसं हाय?"

त्या वीतभर फटीतून मी सबंध घर काढलं. लाल गालिचा सगळ्या खोल्यांतून फिरवला. फुलांच्या भिंतींना खिडक्या पाडल्या, पूर्वेला देव मांडले. ओकचा जिना असा चढवला की काकूनं मध्ये विचारलं, "त्याले गुडघ्याचा तरास नाही ना होत?" पलंग खिडकीशी ठेवला. ती डोळे मिटून ऐकत होती आणि तिच्या पोराला तिथे निजवत होती.

"लिही आता त्याले," ती म्हणाली. "लिही, दोस्ताले सांभाळलं, बरं केलं बाबू. तुह्या बापाचं वळण हाय."

मी लिहिलं. माझ्या हातानं, त्याला, त्याच्या पाहुणचाराबद्दल. खाली जागा उरली होती, तिथे माझी एक ओळ घातली: "दाराची खालची फळी कुजलीय. रंगानं झाकू नकोस, बदल."

चार महिन्यांनी पत्र आलं. मी खुशाल आहे. थंडी फार. काम ठीक. तब्येत जप. दाराचं अक्षर नाही, माझं नाही. मी चार ओळी वाचल्या, जशा होत्या तशा, आणि पत्र खाली ठेवलं.

काकू वाट पाहत राहिली. मग म्हणाली, "बस? इतकंच?"

मी पत्र उलटलं. मागची बाजू कोरी होती. ती वाचायला घेतली.