सुखदेवच्या मायची चटणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — कळत नाही. पण आता सुरुवात केली आहे, तर सांगून टाकतो.

तुरुंगातून सुटलेल्या, पण लगेच घरी जाता न येणाऱ्या माणसांसाठी जालन्यात एक निवारा आहे. चौदा खाटा, एक स्वयंपाकघर, आणि व्यवस्थापक म्हणून मी. माणसं दिवसा सळईच्या कारखान्यात कामाला जातात, संध्याकाळी परततात. कुणालाही घरी पाठवण्याआधी आमची एक रीत आहे — गृहभेट. मी त्याच्या गावी जायचं, घरच्यांना विचारायचं, परत घेता का? आणि उत्तर त्याला आणून सांगायचं. घरच्यांनी दारातूनच हाकललं तर माणूस पार मोडतो, म्हणून तो स्वतः जात नाही. सगळी भिस्त सांगणाऱ्यावर. म्हणजे माझ्यावर.

सुखदेव पिंपळगाव रेणुकाईचा. बांधाच्या भांडणात त्याने चुलतभावाच्या डोक्यात फावडं घातलं आणि तो मेला. बारा वर्षं काढून सुखदेव आमच्याकडे आला. तुरुंगाच्या भटारखान्यात तयार झालेला हात — काय भाकरी करायचा! त्याच्याआधी आमच्याकडे स्वयंपाकी टिकत नव्हता. करपलेल्या खिचडीवरून माणसं एकमेकांच्या अंगावर जायची, आणि मी ऑफिसचं दार लावून बसायचो. हो, घाबरायचो. सुखदेव आला आणि घर शांत झालं. संस्थेचे लोक पाहणीला आले, माझी पाठ थोपटून गेले. मीही खुशाल थोपटून घेतली.

मग त्याच्या गृहभेटीचा दिवस आला. सकाळी त्याने वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या. म्हणाला, "सर, माय काय म्हणती ते बराबर ऐकून या. ती हो म्हणली तरच जाईन मी."

मी गेलो. गेलोच नव्हतो असं सांगता आलं असतं, तर ते जरा कमी वाईट ठरलं असतं, नाही का? म्हातारी घरात एकटीच होती. भिंतीला धरून उठली. "भावकीला इचारलंय मी, कुणी काही करत न्हाई. पाठवून द्या त्याला, जल्दी पाठवा," म्हणाली. आणि कारळाच्या चटणीची बरणी माझ्या हातात ठेवली — त्याला आवडते म्हणून. मी तिला निवाऱ्याचा फोन नंबर लिहून दिला.

परतताना भोकरदनच्या स्टँडवर बसची वाट बघत बसलो. डोक्यात एकच होतं — आता भाकरी कोण करणार? खरं सांगतो, याहून मोठं काही कारण नव्हतं. भूक लागली. सुखदेवच्या भाकरी सोडल्या आणि — बरणी उघडली. दोन भाकरी त्या चटणीशी खाल्ल्या. बरणी स्टँडमागच्या उकिरड्यावर टाकली. बस लागली तेव्हा माझं ठरलेलं होतं.

जाऊन त्याला सांगितलं, "माय नको म्हणाली."

तो पीठ मळायला बसला.

म्हातारीने शेजाऱ्याच्या फोनवरून दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हणालो, कागदपत्रं राहिलीत. सात महिन्यांनी शेजाऱ्याचाच फोन आला — म्हातारी गेली. एवढं मात्र मी सुखदेवला सांगितलं. तो खाली बघत म्हणाला, "तिनं नको म्हणलं व्हतं ना सर. मंग मातीला तरी कोन्या तोंडानं जाऊ?"

तेव्हा तरी बोलता आलं असतं. भोकरदनची बस तासाभरात होती. तो पोचला असता. मी बोललो नाही. लाज वाटली म्हणून? छे — पकडला जाईन म्हणून.

तो अजून इथेच आहे. गेल्या आठवड्यात त्याने कारळाची चटणी केली. सगळ्यांनी वाखाणली. माझ्या ताटात वाढताना म्हणाला, "काही केलं तरी मायच्या हातची चव येईना झाली, सर."

बरोबर म्हणत होता. तिच्या चटणीत लसूण जास्त होता. मी मान हलवली आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.