भूगोलाच्या बाईंनी उतरवलेलं दार

अन्याय झाला तो आमच्या कॉलेजच्या एस. वाय. बी. ए.च्या वर्गावर, फीवाढीविरुद्धच्या बंदच्या दिवशी, सकाळी पहिल्या तासाची हजेरी संपता संपता. मुलं मोर्चात जाऊ नयेत म्हणून प्रिन्सिपॉलसाहेबांच्या हुकमावरून वर्गाच्या दोन्ही दारांना बाहेरून कड्या घालून कुलपं ठोकली गेली. हे आधीच लिहून टाकतो, कारण आता ही हकिगत कुणीही सांगायला बसलं की कुलपं ठोकणारे बाजूला राहतात, गेटवर घसा फोडणारा मीही बाजूला राहतो आणि सगळा मान आमच्या भूगोलाच्या बाई घेऊन जातात. खाडीपासून पारसिकच्या डोंगरापर्यंत एवढं लाडावलेलं माणूस दुसरं झालं नाही. आणि मी एवढा हेवा दुसऱ्या कुणाचा केला नाही.

बाई घणसोली गावच्या. वर्गात पुस्तकातलं शुद्ध मराठी बोलायच्या, रागावल्या की थेट गावच्या बोलीत उतरायच्या, आणि पोरं त्या उतरण्याचीच वाट बघत बसायची. त्यांना वेड एकच, दारांचं. कुठल्याही खोलीत शिरल्या की माणसांकडे बघायच्या आधी दाराकडे बघायच्या. कडी कुठल्या बाजूला, दार कुठे उघडतं, बिजागऱ्या आत की बाहेर. पर्समध्ये खडू, रुमाल, एक स्क्रूड्रायव्हर आणि खोबरेल तेलाची बाटली. हजेरी घ्यायच्या आधी त्या दोन्ही दारांच्या बिजागऱ्यांना बोटाने तेल लावायच्या आणि मगच "रोल नंबर वन" म्हणायच्या. कोपरखैरण्याला एका प्राध्यापिकेकडे हळदीकुंकवाला गेल्या, तर वाण घ्यायच्या वेळी बाई गायब. शेवटी न्हाणीघरातून आवाज आला, "अगं, तुजी कडी घट्ट हाय. पोरगी आत अडकली तर काय करशील गं?" बाहेर आल्या त्या कडी सैल करून, हाताला तेल आणि कपाळाला आधीचंच कुंकू. यजमानीण रागावेल असं वाटलं होतं. तिने उलट त्यांची दुसऱ्यांदा ओटी भरली. मी कुणाच्या घरची कडी खोलली असती तर सोसायटीच्या वॉचमनने मला धरलं असतं.

माझी मागणी आणि बाईंचं वेड, दोन्ही एकच होतं, हे ध्यानात घ्या. वर्गाला कडी आतून हवी, म्हणजे निवडणुकीच्या दिवसांत सायकलच्या चेन घेऊन फिरणारे दादा आले तर मुलांना दार लावून घेता येईल. आणि बाहेरची कडी निघायला हवी, म्हणजे आजूबाजूच्या कारखान्यात काही झालं तर मुलांना बाहेर पडता येईल. मी यावर पत्रक लिहिलं होतं, "वर्ग की कोठडी?" मथळा आजही चांगला वाटतो. सायक्लोस्टाइलच्या शाईने बोटं काळी होईपर्यंत प्रती काढल्या. एक प्रत बाईंना दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि तिला तेलाचं बोट पुसलं.

"बाई, यात तुमचाच मुद्दा आहे!" मी म्हणालो.

"मंग चांगलं हाय. कागद पन जाड हाय."

"नुसतं तेल लावून व्यवस्था बदलत नाही, बाई."

"नसंल बदलत. दार तरी उघडंल ना, लीडर?"

तेव्हापासून कॉलेजभर माझं नाव लीडर पडलं. माझ्या सभेला म्हणून जमलेली पोरं बाई दिसल्या की "बाई, चहा!" करत कॅन्टीनकडे वळायची. मी "मित्रहो" म्हणेपर्यंत मित्र संपलेले असायचे.

त्यांना कुणी विचारलं, बाई, हे दारांचं काय एवढं, तर त्या वडिलांची गोष्ट सांगायच्या. वडील खारजमिनीच्या बांधावरची उघाडी सांभाळायचे. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीचं खारं पाणी बाहेरून रेटायला लागलं की ते आपोआप मिटतं, आणि ओहोटीला शेतातलं पाणी आतून रेटायला लागलं की आपोआप उघडतं. "येवढी अक्कल माज्या बापाच्या फळीला होती," बाई म्हणायच्या, "साहेबांच्या सागवानाला नाय." वर्ग बाकं बडवायचा. मी हाच मुद्दा पत्रकाच्या दुसऱ्या परिच्छेदात जास्त मुद्देसूद मांडला होता.

तर तो बंदचा दिवस. आत बाई मतलई वारे शिकवत होत्या, रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीकडून पाण्याकडे वाहतात ते. आणि त्याच वाऱ्यावरून, डोंगराच्या बाजूच्या कारखान्यांकडून, उग्र वास आला. वास इकडे रोजचाच. पण या वासाने डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पहिल्या बाकावरच्या दम्याच्या मुलीला श्वास मिळेना. मुलं दारांशी गेली, तर दारं बाहेरून बंद. मग त्यांनी बाकं आपटायला सुरुवात केली. गेट इमारतीच्या पलीकडच्या अंगाला, आमच्यापर्यंत वास यायचा होता. आवाज मात्र आला. आम्ही समजलो, आतली पोरं बंदला पाठिंबा देताहेत. आम्ही दुप्पट जोराने घोषणा दिल्या. प्रिन्सिपॉलसाहेबही तेच समजले. त्यांनी वरच्या मजल्यालाही कुलपं घालायला सांगितलं. आत पोरं जिवाच्या आकांताने बाकं आपटताहेत आणि बाहेर दोन्ही पक्ष ते आपल्या लढाईत धरताहेत!

बाईंनी पर्स उघडली. बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या, आणि वर्षभराचं खोबरेल प्यायलेल्या होत्या. स्क्रूड्रायव्हर खालून लावून त्याच्या मुठीवर डस्टर हाणलं, तशा खिळी एकेक करून वर आल्या. "धरा रं चौघं! पायावर घेऊ नका!" आणि कुलूप जागच्या जागी ठेवून अख्खं दार उतरलं. रुमाल, ओढण्या, पदर, जे असेल ते माठातल्या पाण्यात भिजवून तोंडाला लावायला लावलं. "वासाबरोबर पळू नका, वाऱ्याला आडवं चाला. डोंगर डाव्या हाताला ठेवा नि वाशीकडं सुटा!" दम्याच्या मुलीला दोघांच्या हातांच्या पाळण्यात बसवलं आणि वर्ग बाहेर पडला. जाता जाता वरच्या मजल्यावर चढून तिथल्या कुलपांवरही पोरांनी दगड घातले. त्या वर्षीचा भूगोल कुणी विसरलेला नाही, नापास झालेल्यांनीसुद्धा नाही.

मुलगी वाचली. वास ओसरला. दुपारी बाई ते दार चौघांच्या खांद्यावर देऊन प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये घेऊन गेल्या आणि टेबलावर आडवं ठेवलं. साहेबांचा चहा दाराखाली गेला. बाई पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "सर, दार आपलं आहे, ते परत आणलं. मुलं माझी आहेत, ती घरी पाठवली."

साहेबांनी त्याच आठवड्यात बाहेरच्या सगळ्या कड्या काढून आतून बसवायची परवानगी दिली. माझी पत्रकं त्यांच्याच टेबलाच्या एका पायाखाली, टेबल डुगडुगू नये म्हणून, घडी करून ठेवलेली होती. मी स्वतः पाहिली. दिघ्याला घरी गेलो, तर ही हकिगत माझ्याआधी आईकडे पोचलेली. "बाई कशी बघ," आई म्हणाली, "काम केलं नि घरी गेली. तुला दार लोट म्हणलं तरी तू भाषन करतूस." सख्खी आई! त्या रात्री मी दार लोटलं नाही, निषेध म्हणून.

पुढच्या टर्मला संस्थेने बाईंना पनवेलच्या कॉलेजात पाठवलं. बदलीच्या कागदावर कारण नव्हतं. आम्हाला ते माहीत होतं. मी निषेधाचं पत्रक काढायला बसलो आणि पहिल्यांदाच मथळा सुचेना. जाण्याच्या दिवशी त्या गेटवर थांबल्या. म्हणाल्या, "लीडर, त्या कागदातलं मी सगलं वाचलं होतं. दुसरा परिच्छेद ब्येस होता." आणि रिक्षात बसल्या. आधी दाराकडे बघितलं. रिक्षाला दारच नव्हतं, तर खूश झाल्या.

आता आमच्या दारांना कुणी तेल लावत नाही. तास सुटला की बिजागऱ्या अशा कुरकुरतात की पोरं उगाच दाराकडे बघत राहतात. आणि आता मुद्द्याचं. गेल्या शुक्रवारी, परीक्षेचा बंदोबस्त म्हणून, खालच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या वर्गाला पुन्हा बाहेरून कडी बसली. नवी कोरी, चकचकीत. तिच्याजवळून तुम्ही सगळे गेलात. मीही गेलो असतो, पण हल्ली खोलीत शिरताना माझी नजर आधी दाराकडे जाते. कुणाला सांगू नका.

कॉलेजच्या नियतकालिकाचं हे पान तुम्ही ज्या वर्गात वाचत असाल, तिथून आत्ता उठा आणि दार बघा. कडी बाहेर असेल तर सोमवारी पहिल्या तासाआधी मला तिथे भेटा. स्क्रूड्रायव्हर मी आणतो. तेल तुम्ही आणा.