सव्वादोन तासांचं अंतर

विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या त्या लहानशा कचेरीत तिला सगळे घड्याळबाई म्हणत. प्रवासाला किती वेळ लागेल असं कुणी विचारलं, की छापील आकडा सांगून मोकळं होणं तिला जमायचंच नाही. "विमान सव्वादोन तासांचं," ती म्हणायची, "पण या दारापासून त्या दारापर्यंत सात तास धरा. आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा तासभर पुढे असतं, तेवढं विसरू नका." मालक कपाळाला हात लावायचा. गिऱ्हाइकं मात्र तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायची.

तिथेच राहणाऱ्या स्वतःच्या वडिलांना ती चार वर्षं छापील आकडाच सांगत आली होती. "बाबा, पंधराशे किलोमीटर म्हणजे काय लांब आहे? सव्वादोन तासांचं तर अंतर. केव्हाही येईन." त्या 'केव्हाही'ला काही मुहूर्त लागला नाही.

आणि काल धाकट्या भावाचा फोन आला. बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. "उद्या चारला आत नेतील, ताई. डॉक्टर म्हणाले, या वयात काही सांगता येत नाही." तिने सवयीने लगेच हिशेब केला. तिथले चार म्हणजे इथले तीन. पावणेबाराचं विमान पकडलं तर जेमतेम गाठ पडेल.

नेमकं तेच पन्नास मिनिटं उशिरा सुटलं. ती एकदा मनगटाकडे बघे, एकदा खिडकीबाहेर. शेजारच्या गृहस्थांना तिने दोनदा वेळ विचारली, तेव्हा ते तिच्या हातातल्या घड्याळाकडे बघतच राहिले. शेकडो लोकांना तिने याच विमानात बसवून दिलं होतं, आणि स्वतःचं तिकीट काढायला तिला बाबांचं ऑपरेशन लागलं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

ती इस्पितळात शिरली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चार वीस झाले होते. आता कुठले बाबा भेटायला, असं पुटपुटत ती तीन मजले धापा टाकत चढली.

बाबा पलंगावर बसले होते. कवळी काढून ठेवलेली, तोंडाचं पार बोळकं.

"अगं, पळतेस कशाला?" भाऊ म्हणाला. "पाचला नेणार आहेत."

"तू चार म्हणालास!"

"तुझ्या घड्याळाने चार! म्हटलं, उगाच तुझ्या डोक्याला ताप नको, मीच बदलून सांगितलं."

घड्याळबाईंचा हिशेब आयुष्यात पहिल्यांदा चुकला होता. बरोबर आला असता, तर ती तासाभराने सुटणाऱ्या विमानाने आली असती, आणि एवढ्याच उशिराने गाठ हुकली असती.

बाबांनी तिचा हात धरला. "किती वेळ लागला गं, घरापासून?"

पावणेसात तास, हे उत्तर जिभेवर तयार होतं.

"चार वर्षं लागली, बाबा," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

बाबा पलंगाच्या कडेला सरकले. "मग बस की आता. अजून अर्धा तास आहे."