कुंकवात रुतलेला गिअर

दसऱ्यानंतर माझ्या सायकलचा उजवा गिअर अंगठ्याला दाद देईनासा झाला. सायकल जुनी, जाड टायरांची, डोंगरात फिरायची. तिच्यावरून मी कित्येक रविवारी कात्रजचा घाट चढलोय. आता चढ लागला की हँडलखालचा खटका दाबायला अख्खा तळहात लावावा लागे, हँडल वाकडं होई आणि मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून माझा उद्धार करी.

खटका घट्ट झालाय, असं मी सगळ्यांना सांगत होतो. स्वतःलासुद्धा. कारण वडिलांचं दुखणं उजव्या अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं. आधी सदऱ्याचं बटण लागेना, मग पेन धरवेना. पुढचं मला आठवायचं नाही. म्हणून मी बसल्या जागी अंगठा हलवून बघत असे. जेवताना, बँकेच्या रांगेत, बायको बोलत असताना. तिला यातलं काही सांगितलं नव्हतं.

सदाशिव पेठेतल्या सायकलवाल्याकडे गेलो. त्याने मान वर न करताच सांगितलं, "हा पार्ट येत नाही आता."

"दुरुस्त होईल का?"

"होईल की. आम्ही करत नाही."

त्याने खटका एकदा दाबूनही बघितला नाही, याचा मला राग आला. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

मग रविवारी दुपारी मीच गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं. खटक्यावरचं झाकण काढलं आणि बघतच राहिलो. आत ग्रीस नव्हतंच. लालपिवळा, वाळलेल्या खिमटीसारखा थर दात्यांमध्ये घट्ट बसला होता. दर दसऱ्याला बायको सायकलची पूजा करते. जिथे हात तिथेच लागायला हवं म्हणून हळदकुंकू बरोबर उजव्या मुठीपाशी वाहते. आणि मी, लोखंड गंजू नये म्हणून, दुसऱ्या दिवशी त्याच्यावर शिलाई मशीनचं तेल सोडतो. वर्षानुवर्षं तिचं कुंकू आणि माझं तेल आत मुरत गेलं होतं.

मला इतका आनंद झाला की मी जोरात हसलो. अंगठा ठणठणीत होता! "अगं, बाहेर ये. तुझी भक्ती सापडली," मी ओरडलो.

ती हात पुसत आली, वाकून बघितलं. "भक्ती कशाला अडकतेय? तुमचं तेल असेल."

मी स्प्रे मारला, जुन्या टूथब्रशने दाते घासले. लाल पाणी वर्तमानपत्रावर ओघळलं. आतलं सगळं चकचकीत झाल्यावर तिने सहज अंगठा टेकवला. टक्. पुन्हा दाबला. टक्.

"लोण्यासारखा चालतोय की हो."

मग मी दाबला. खटका जागचा हलला नाही.

"आत अजून राहिलं असेल," म्हणत मी पुन्हा स्प्रे मारला, पुन्हा घासलं. तिने दाबला. टक्. मी दाबला. अंगठा नुसताच थरथरला. आता ती गिअरकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती.

"मला भीती वाटतेय गं," मी म्हणालो.

"माहितेय मला. दिवाळीपासून तुम्ही बटणं न काढता शर्ट डोक्यावरून ओढून काढताय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही गिअर दुरुस्त करत होतात ना. म्हटलं, होऊ दे." तिने माझ्या हातातला टूथब्रश काढून बाजूला ठेवला. "उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचंय. मी येतेय बरोबर."

ती तिथेच फरशीवर बसली. माझ्या हाताला तेलात भिजलेलं कुंकू लागलं होतं. तिने तसाच तो अंगठा मुठीत धरला. कितीतरी दिवसांनी मी तो हलवून बघितला नाही.