मावशींचे शिवशिवणारे हात

शाळेत कुणाच्या बुटाची नाडी सुटली, की ते पोर थेट मावशींपुढे जाऊन पाय पुढे करायचं. मावशी म्हणजे पहिली-दुसरीच्या वर्गांवरच्या मदतनीस. नाड्या बांधायच्या, पेन्सिलींना टोकं करायची, डब्यांची घट्ट झाकणं उघडायची, वाहती नाकं पुसायची, हे सगळं त्यांचं खातं. कुणी मागायच्या आधीच द्यायचं, ही त्यांची जन्माची खोड. घरी जेवताना नवऱ्याने नुसती मान वर केली, तरी मीठ त्याच्या पुढ्यात हजर.

अशा मावशींनी चाळिशी उलटल्यावर विद्यापीठाच्या शिक्षक अभ्यासक्रमात नाव घातलं. दिवसा शाळा, संध्याकाळी तास. सोबतची मुलंमुली त्यांच्या लेकीच्या वयाची. पहिल्या दिवशी मावशी वर्गात शिरल्या तर नव्या बाई आल्या समजून सगळी उठून उभी राहिली, आणि आता कुठे खुलासा करत बसा, म्हणून मावशींनीही हाताने ‘बसा बसा’ केलं. लेखी परीक्षा त्यांनी चांगल्या गुणांनी काढल्या. घोडं अडलं ते वर्गावर शिकवण्यात, म्हणजे ज्यात त्या डोळे मिटून पास होतील असं सगळे धरून चालले होते नेमकं त्यात.

पाठ बघायला विद्यापीठाच्या मॅडम यायच्या आणि मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसायच्या. वजाबाकीचा पाठ झाल्यावर त्यांनी मावशींना बाजूला घेतलं.

“पाठ गोड झाला. पण वजाबाकी कुणी केली?”

“मुलांनी.”

“मुलांनी हात वर केले. काड्या तुम्ही मोजल्यात, उत्तर तुम्ही सुचवलंत, एकाची तर पेन्सिलसुद्धा तुम्हीच धरली होतीत.” मॅडमच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तर जास्त लागलं. “मी आणखी एकदा येईन. तेव्हाही असंच झालं तर शिकवण्याच्या परवान्यासाठी सही करता येणार नाही. वर्ष जाईल तुमचं.”

मॅडम खोटं बोलल्या असत्या तर मावशींनी चार शब्द सुनावले असते. पण ते शंभर टक्के खरं होतं. घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की आजपासून मदत न करण्याचा सराव. याचा अर्थ घरच्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळला.

“अगं, माझा टेस्टर कुठंय?” वायरमन नवऱ्याने विचारलं.

“तुम्हाला काय वाटतं, कुठे असेल?”

“मला वाटतं, तू शिकायला लागायच्या आधी तो या खणात असायचा.”

सासूबाईंनी सुई-दोरा पुढे केला, तर मावशी हात पाठीमागे बांधून उभ्या.

“आई, तुम्हीच ओवा. मी इथे आहे.”

“उभी राहून काय करणार तू?”

“वाट बघणार.”

सासूबाईंनी आधी सुनेला नावं ठेवली, मग सुईला, मग डोळ्यांना. शेवटी दोरा ओवला गेला, आणि आठवडाभर येईल त्याला त्या सांगत होत्या की या वयातही सुई मीच ओवते हो.

मॅडम पुन्हा आल्या तो दिवस उजाडला. बेचाळीसमधून सतरा वजा करायचे होते. टेबलावर दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे, रबर लावलेले, आणि दोन सुट्या काड्या. आळीपाळीने मुलं पुढे येत होती आणि या वेळी पाळी होती चिमणीची. आवाज बारीक, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. तिने एक गठ्ठा बाजूला ठेवला. आता सात काड्या हव्या होत्या, सुट्या दोनच. तिने मावशींकडे पाहिलं.

मावशींचे हात शिवशिवले. एक रबर काढलं की काम झालं. त्यांनी डस्टर दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मागचे दोघे उत्तर ओरडायला लागले, त्यांना डोळ्यांनीच दटावलं. चिमणीचे ओठ थरथरले. एका पोरीला रडवून कसला परवाना मिळवायचा, असं मावशींच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात चिमणीने घाईघाईने एक गठ्ठा उचलला, रबर तुटलं आणि काड्या जमिनीवर विखुरल्या.

मावशी अर्ध्या वाकल्या आणि तशाच थांबल्या. चिमणीने एकेक काडी वेचली, आधीच्या दोन सुट्या काड्यांत मिसळली आणि हातातल्या ढिगाकडे बघतच राहिली.

“मावशी, आता खूप सुट्या झाल्या. यातल्या सात घेऊ?”

“तुला काय वाटतं?”

तिला वाटलं, घ्याव्यात. उरलेल्या मोजून तिने पंचवीस सांगितले आणि वर आपणहून म्हणाली, “रबर मुद्दाम पण काढता येतं.”

मागच्या बाकावर मॅडम हसत होत्या. सही त्यांनी तिथेच केली. मावशींचा जीव भांड्यात पडला, आणि डस्टर सोडल्यावर कळलं की बोटं आखडली आहेत.

शाळा सुटली. दारात चिमणी उभी, बुटाची नाडी लोंबतेय. परीक्षा संपली होती, आता कोण बघतंय? मावशी आनंदाने खाली वाकल्या.

चिमणीने पाय मागे घेतला. “थांब मावशी. मीच बांधते. तू फक्त उभी राहा.”

आतून कुठेतरी टोचलं. मग मावशी हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. त्या गाठीला बराच वेळ लागला.